ट्रायटॅगनिस्ट, पान ८७

मंगळ., ४ नोव्हें.
कॉलेजात दोन एकांकिका केल्या, तर ऑफिसात शब्दकोशातले नाटकाचे सगळे शब्द माझ्या गळ्यात! आज 'ट्रायटॅगनिस्ट'. उच्चाराची फोड झाली: ट्राय-टॅ-ग-निस्ट. अर्थही झाला: प्राचीन ग्रीक नाटकातला तिसऱ्या क्रमांकाचा नट. पण आमचा नियम म्हणजे नियम. छापील पुस्तकातलं एक इंग्रजी वाक्य, पुस्तकाचं नाव, पान. त्याशिवाय नोंद पुढे जात नाही. सहापर्यंत शोधलं. ढिम्म. शेवटी वाक्य मीच रचलं. पुस्तकाचं नावही. पान ८७. सबमिट. कोण बघतंय!

बुध., ५
बघतंय. कुलकर्णी सर. निपाणीचे, साठी उलटलेली, माझी प्रत्येक नोंद तेच तपासतात.
"अक्का, वाक्य काय झकास हो! पुस्तक कुठं गावलं?" मी सव्वीसची, तरी अक्का.
"पुण्यात, सर. मित्राकडे." तोंडातून गेलंच. गाढव आहे मी.

शुक्र., ७
सरांनी दोन वाचनालयं पालथी घातली. सही करायची म्हणून नाही, त्यांना ते पुस्तक वाचायचंय! आज मी खरं सांगणार होते. तेवढ्यात त्यांनी डबा पुढे केला, "स्वल्प घ्या, शेंगाचटणी घरची आहे." घेतली. सांगायचं राहिलं.
कायम झाल्याचं पत्र याच महिन्यात मिळायचंय. हे कळलं तर हाकलतील. पुण्यातली नोकरी गेली तेव्हा बाबा आठवडाभर बोलले नव्हते. पुन्हा ते नको गं बाई.

रवि., ९
दिवसभर पीजीत पडून. खाली कोरमंगला नुसतं उधाणलंय, मला जिना उतरवेना.
दुपारी सरांचा मेसेज. शहराबाहेर आनेकलला त्यांचा एक नाटकवेडा मित्र आहे, घरभर पुस्तकं. "आज तिथं बघून येतो." राजाजीनगरहून, बस बदलत, तो दुखरा गुडघा घेऊन! 'सर, जाऊ नका' टाइप केलं. पुसलं. पुन्हा टाइप केलं. पुन्हा... स्वतःची लाज वाटते.

सोम., १०
काय व्हायचं ते होवो, सांगायचंच, असं ठरवून गेले. सर आधीच आलेले.
"सर, ते पुस्तक—"
"मिळालं की, अक्का. आनेकलला. पान सत्त्याऐंशी. सरी?" कानडीतलं त्यांचं 'ठीक?'. पण सरांनी मान वर केलीच नाही.
जागेवर येऊन नोंद उघडली. माझ्या नावाखाली त्यांचा शेरा: 'मूळ पुस्तक स्वतः पाहिले.' खाली सही. तीस वर्षं मुलांना इंग्रजी शिकवलेला माणूस.
डबा आज त्यांनी एकट्यानंच खाल्ला. मी समोर जाऊन बसले नाही.
शुक्रवारपर्यंत नोंद मागे घेता येते. कारण लिहावं लागतं. कालपर्यंत लिहायला माझंच खोटं होतं. आता कारण लिहिलं की माझ्याबरोबर सरांचीही नोकरी गेली.
फॉर्म उघडून ठेवलाय. माझं नाव तेवढं भरलंय.