उभा तिरका

नोव्हाय, मिशिगन
बुधवार

श्री. श्रीरंगराव यांस,

जगन्नाथाचा नाशिककडे तोंड करून नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? सुलेखाताईंना माझा वेगळा नमस्कार सांगा (एकत्र सांगितला की तुम्ही तो स्वतःकडेच ठेवता, असं त्या म्हणाल्या होत्या). आम्ही सगळे इथे खुशाल आहोत. पत्र हाताने लिहून त्याचा फोटो पाठवतोय, कारण हे फोनवर सांगायला लागलो की माझी जीभ अडखळते. विषय तुमच्या चिरंजीवांचा, म्हणजे आमच्या जावयांचा आहे, आणि मी त्यांचा अपराधी आहे.

तुम्हाला माहीत आहे की सत्यजित इथल्या मराठी मंडळींच्या बेसबॉल संघात खेळतो. बेसबॉल म्हणजे काय हे मी तुम्हाला जूनमध्ये चाळीस मिनिटं समजावलं होतं आणि शेवटी तुम्ही विचारलंत, ‘पण विकेट कुठे असते?’ ते जाऊ दे. मी इथे आल्यापासून दर शनिवारी संघाच्या बाकावर बसून स्कोअर लिहितो. पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं धरणाची पातळी लिहिलेला माणूस, मला नुसतं बसवत नाही. त्यांच्या तयार वहीत शेऱ्याचा रकानाच नव्हता, तो मी पट्टीने आखून घेतला. तर झालं असं, की सहा वर्षांत पहिल्यांदा हा संघ बाद फेरीत पोचला. बाद फेरीसाठी लीगला पंधरा नावं द्यायची, शुक्रवारी सहापर्यंत, नंतर खाडाखोड नाही. बाकावर बसणारा प्रत्येक जण त्या पंधरात मोजतात, स्कोअर लिहिणारासुद्धा. खेळाडू पंधरा आणि मी सोळावा. आमचा कॅप्टन संजीव नागपूरचा, ऑफिसात दोनशे माणसं सांभाळतो, पण ओळखीच्या माणसाला नाही म्हणायचं म्हटलं की त्याला घाम फुटतो. तो फॉर्म माझ्या हातात देऊन म्हणाला, “काका, तुम्हीच ठरवा यार, तुम्ही एकदम न्यूट्रल.” मी संघातल्या एका खेळाडूचा सासरा आहे हे तो विसरला, की त्याला ते नेमकं आठवत होतं, कोण जाणे.

पहिली यादी मी अर्ध्या तासात केली. कागद पुढे आला की हाताला सवय एकच, लग्नपत्रिकेची. सर्वांत वर जावई, मग वयाने मोठे, मग लांबून गाडी चालवत येणारे, कारण त्यांना वगळलं तर बरं दिसत नाही. पंधरावा मी. कुणाचा मान राहिला नाही असं झालं नाही, म्हणून मी खूश. संजीवने यादी तीनदा वाचली आणि हळूच म्हणाला की काका, यात पिचर नाहीये. पिचर म्हणजे चेंडू टाकणारी प्रीता, इथेच जन्मलेली, सगळ्यांत लहान, म्हणून शेवटी, म्हणून बाहेर. तिला कळलं तेव्हा ती इंग्रजीत एवढंच म्हणाली की काका, मग बॉल काय तुम्ही टाकणार का. प्रश्न रास्त होता.

दुसरी यादी मी आकड्यांवर केली, मानपान बाजूला ठेवून. आकडे दोनदा तपासले. शेवटून पहिला सत्यजित. बेचाळीस वेळा बॅटिंगला आला, त्यात आठदा चेंडू नीट लागला. श्रीरंगराव, मी त्याचं नाव काढलं. लग्नात तुम्हीच मला सांगितलं होतंत, की शाळेच्या क्रिकेट संघात दर वर्षी पोरगं बारावा खेळाडू म्हणून पाणी घेऊन आत जायचं. ते मला नाव खोडताना आठवलं, तरी खोडलं. रात्री जेवताना त्याला सांगितलं. तो म्हणाला, “बरोबर आहे, बाबा,” आणि मला भाजी वाढली. भांडला असता तर बरं वाटलं असतं. आमच्या लेकीने, चैत्रालीने, मात्र दोन दिवस माझ्याशी फक्त गरजेपुरतं मराठी आणि बाकी इंग्रजी चालवलं.

काल दुपारी मन लागेना म्हणून वही चाळत बसलो (माणसं देवाचं पुस्तक घेतात, मी वही घेतो). सत्यजितच्या नावापुढे माझा शेरा: उभा तिरका. पुढच्या सामन्यात, उभा तिरका. तीस वेळा तोच शेरा. फक्त चार सामन्यांत शेरा नाही. ते चार सामने मी हजर नव्हतो, दोनदा सांता क्लाराला पुतण्याकडे होतो, दोनदा पोट बिघडलं होतं. तेव्हा संजीवच्या बायकोने, शरयूने, कागदावर लिहून ठेवलं आणि मी नुसतं वहीत उतरवलं. त्या चार सामन्यांत तुमचा मुलगा बारा वेळा आला आणि सहादा मैदानाच्या टोकाला मारलं. माझ्यासमोर तीस वेळा, त्यात दोनदा.

संध्याकाळी त्याला गाठून विचारलं. आधी काही नाही, काही नाही, मग खाली बघून सांगितलं. आमचं बाक ज्या बाजूला आहे त्या बाजूला बॅटिंग करणाऱ्याची पाठ येते. ‘तुमच्याकडे पाठ करून कसं उभं राहायचं, बाबा?’ म्हणून तो तिरका उभा राहतो. अहो, काय संस्कार केलेत हे तुम्ही दोघांनी! सासऱ्याला पाठ दाखवायची नाही म्हणून माणूस अख्खा सीझन तिरका उभा राहिला, आणि सासऱ्याने तेच त्याच्याविरुद्ध लिहून ठेवलं. मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं, खोटं कशाला सांगू. (समोरच्या बाजूला बसलो असतो, पण तिथे विरुद्ध संघ बसतो. शिवाय समोरासमोर आलो तर तो बॅट खाली ठेवून नमस्कारच करेल.)

मग तिसरी यादी केली. पंधरावं नाव खोडून तिथे सत्यजित लिहिला. पंधरावं नाव माझं होतं. वही शरयूला दिली (ती त्या पंधरातलीच, राखीव खेळाडू), शेऱ्याचा रकाना समजावून. ते बाक सोडताना जिवावर आलं, पण शनिवारी सरळ उभं राहिलं तर पोरगं मारणार, आकडे तेच सांगतात. चैत्राली आज माझ्याशी पूर्ण मराठीत बोलली. मी शनिवारी घरीच थांबणार, असं सगळ्यांना सांगितलं आहे.

तुमचा,
जगन्नाथ

ता. क. पत्राचं खरं कारण हे की शनिवारी तुमच्याकडे रात्री आठ वाजता (इथे सकाळी साडेदहा, सामन्याची वेळ) मला फोन करा आणि साडेदहापर्यंत सोडू नका, म्हणजे मी मैदानाकडे जाणार नाही. तुमचा फोन हवामान विचारून चार मिनिटांत संपतो, म्हणून आधीच सांगतो, गुडघ्यापासून सुरुवात करा.

ता. क. २. आत्ता चैत्रालीशी बोललो. फोन मी तिच्या गाडीत घेईन. गाडी मैदानाच्या पार्किंगमध्ये, झाडाआड असेल आणि मी मागच्या सीटवर. सत्यजितला हे माहीत नाही, तुम्हीही बोलू नका. बोलता बोलता मी एकदम गप्प झालो तर फोन कट झाला असं समजू नका. तुमचा मुलगा बॅटिंगला आला असेल. तेवढा वेळ तुम्हीही गुडघा थांबवा. सरळ उभा आहे की नाही, ते मी सांगतो.