अगस्त्यांची कोळीण

३ ऑक्टोबर, प्रातःकाळ
संध्या आटोपून संकल्प केला. अगस्त्यमुनींच्या समुद्रप्राशनावरील माझी कादंबरी संपादिका उन्नतीबाईंनी परत पाठवली आहे. पृष्ठे ६१२, म्हणतात, अडीचशेवर आणा. मुनींनी समुद्र एका आचमनात संपवला, मला साडेतीनशे पाने जड नाहीत. १५ डिसेंबरला पंचाहत्तरी. त्याआधी स्वीकृतीचे पत्र हाती हवे. प्रकाशन यंदा एकच कादंबरी काढणार आहे. दुसऱ्या कोणाची असणार?

५ ऑक्टोबर
साऱ्या हस्तलिखितात बाईंनी एकाच ठिकाणी समासात ‘जिवंत’ असे लिहिले आहे. पृष्ठ ४०३. समुद्र आटल्यावर कोळीण मुनींना म्हणते, “पानी पिलास त पिलास, आता आमची होरी काय तुज्या कमंडलून चालवू?”
हे वाक्य वस्तुतः हरेशचे. करावे गावचा, न्हावा शेव्याला कंटेनरची कागदपत्रे करतो. मॉर्निंग वॉकला मी कथा सांगितली, त्याने थट्टा केली. मी केवळ टिपून घेतले. श्रुतिपरंपरा हीच.

१९ ऑक्टोबर
संपादन वेगात. अकरा पाने कमी केली. मंगलाचरण त्रोटक वाटले, तेथे चाळीस वाढवली.

२ नोव्हेंबर
हरेश पेढे घेऊन आला. त्यानेही कादंबरी लिहिली म्हणे, खाडीच्या भरावावर. पृष्ठे १४०. उन्नतीबाईंना जाम आवडली. “गुरुजी, तुमच्यामुलंच झाला,” म्हणाला. आशीर्वाद दिला. मधुमेहामुळे पेढा घेतला नाही. तो गेल्यावर सौ. चारुलतेने विचारले, तुम्हाला मधुमेह कधीपासून?

३ नोव्हेंबर
षड्रिपूंपैकी पाच केव्हाच जिंकले. मत्सर तर मला मुळातच नव्हता. न आणि ण यांचा भेद नसलेले पुस्तक छापले जाणार, ही निव्वळ व्याकरणाची चिंता. आज जप करताना एकशे आठला थांबलो नाही. एकशे चाळीसपर्यंत गेलो.

९ नोव्हेंबर
पृष्ठ ४०३ शुद्ध केले. “हे मुनिवर्य, जलप्राशन तर जाहले, आता आमुची नौका आपल्या कमंडलूत विहरावी काय?” चारुलतेला वाचून दाखवले. तिने विचारले, ही कोळीण कोणत्या पाठशाळेतली? सहधर्मचारिणीला प्रतिभा कळतेच असे नाही. एकूण पृष्ठे ६४१. कुरियर केले.

१४ डिसेंबर
पत्र आले. “गुरुजी, कोळीण कुठे गेली? मी तिच्यासाठी सहाशे पाने वाचली होती. यंदा हरेश यांची कादंबरी काढत आहोत.”
वाचून झाल्यावर विष्णुसहस्रनाम म्हटले. मध्येच नावे चुकली.

१५ डिसेंबर
हरेश नमस्काराला आला, सोबत त्याच्या पुस्तकाची प्रुफे. पहिल्याच पानावर पहिलेच वाक्य कोळणीचे. चोरी, हा शब्द ओठांवर आला. पण चोर कोण, ते ठरेना. एक पान मागे उलटले.
‘दर्या पिनाऱ्या बाबाची गोष्ट सांगनाऱ्या दिनानाथ गुरुजींना अर्पन.’
पेन्सिल काढून न चा ण करू लागलो. हरेशने हळूच हात धरला.
“ऱ्हाऊ द्या, गुरुजी. मॅडम बोलली, त्या ‘न’मुलंच जिवंत हाय.”
पंचाहत्तर वर्षांत माझे नाव प्रथमच पुस्तकात छापले जात आहे, आणि तेही एका अशुद्ध शब्दाच्या शेजारी.
पेढा घेतला. दुसराही.