मर्सीची न फोडलेली पत्रं

सोमवार, ३ नोव्हेंबर

पोचले एकदाची! बेसिंगस्टोकहून बसने अर्धा तास, मग शेतांमधून बॅग ओढत पाऊण मैल. लंडनच्या हाउन्सलोहून माझा मावसभाऊ अपूर्व सोडायला येणार होता, पण त्याची एअरपोर्टवरची शिफ्ट बदलली. काही बिघडलं नाही. विटांचं दुमजली घर, मागे सफरचंदाची झाडं आणि सहा आठवडे मी एकटी! हेझेल नावाची केअरटेकर सकाळी येते, दोनला जाते. तिने हीटिंग लावायला शिकवलं आणि स्वतः भाजलेला ॲपल पाय ठेवून गेली. काम सोपं: हे घर सांभाळणाऱ्या ट्रस्टकडची एकशे बारा जुनी पत्रं स्कॅन करून टाइप करायची.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

पत्रं एलायजा थॉर्नची. बोस्टनजवळच्या एका बंदरात राहायचा. १७६५मध्ये इंग्लंडने अमेरिकेतल्या वसाहतींवर स्टॅम्पचा कर बसवला. करारपत्र असो, वर्तमानपत्र असो, अगदी खेळायच्या पत्त्यांचा कॅट असो, सरकारी शिक्का हवाच. तो शिक्क्याचा कागद विकायची नेमणूक यानं घेतली. लोकांनी त्याचा पुतळा झाडाला टांगला, खिडक्या फोडल्या. राजीनामा दिला, पण राजाची बाजू काही सोडली नाही. पुढे चहाच्या पेट्या समुद्रात गेल्या, बंदर बंद झालं, बंदुका चालल्या. १७७६च्या मार्चमध्ये तो इंग्रज फौजेच्या जहाजात चढला. बायको मर्सी आली नाही, तिचा भाऊ बंडवाल्यांत होता. ‘उन्हाळ्यापर्यंत परततो,’ म्हणून निघाला तो इंग्लंडला, या घरात आला.

सगळी पत्रं तिच्याकडून परत आलेली, लाखेचे शिक्के तसेच. आजवर कुणीच वाचली नव्हती. पहिली वाचणारी मी!

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

वीस वर्षं लिहीत होता. इथले लोक त्याला अमेरिकन म्हणून हसायचे, तिकडचे गद्दार म्हणायचे. एका पत्रात नुसतं एवढंच, की सकाळपासून आपण कुणाशी बोललो नाही.

हेझेल गेल्यावर मीही बोलत नाही. टीम कॉलवर सगळ्यांचे कॅमेरे बंद. आई विचारते, जेवलीस का, मी हो म्हणते आणि कॉल संपतो. चारला अंधार पडतो.

प्रत्येक पत्राची शेवटची ओळ एकच: ‘एकदा तरी लिही.’

सोमवार, १० नोव्हेंबर

एकशे बारावं पत्र झालं. अक्षर इतकं थरथरलेलं, की भिंगाखाली धरावं लागलं. रडूच आलं. मग एक वेडेपणा केला. चिठ्ठीवर लिहिलं, ‘पत्र मिळालं,’ आणि पत्रांच्या पेटीत ठेवली. कुणीतरी पोच द्यायला हवी होती ना त्याला.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

पेटीत एकशे तेरा पत्रं आहेत. तीनदा मोजली. वरचं त्याच अक्षरातलं. शाई बोटाला लागली.

‘मर्सी, किती वर्षांनी! आता मी एकटा नाही.’

हेझेलची चेष्टा असेल म्हणून तिला दाखवलं. तिने हातही लावला नाही. मागे सरली. “उत्तर नाही ना दिलंस त्याला, डिअर?”

मी पेटीचं झाकण लावलं. ती दोनपर्यंतही थांबली नाही.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

हेझेल काल आली नाही, आजही नाही. फोन उचलत नाही.

आजचं पत्र: ‘लाल शाल तुला शोभते.’ ती अंगावरच होती. काढून टाकली.

दुपारी बॅग घेऊन निघाले. फाटकापर्यंत गेले, कडीला हात लावला — आणि मी टेबलाशी बसले होते. हातात पेन. समोर माझ्याच अक्षरात: ‘मी कुठेही जात नाही.’

अपूर्वला फोन केला. आधी हसला. मग माझा आवाज ऐकून म्हणाला, “शाल्मली, नीट ऐक. परवा सकाळी दहाला मी दारात असतो. तोवर त्या पेटीजवळ जाऊ नकोस.”

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

पेटीजवळ गेले नाही. पत्र उशाशी होतं.

‘तो मुलगा तुला न्यायला येतोय. मागच्या वेळी मी एकटाच जहाजात चढलो. आता नाही.’

बाजूच्या उशीवर डोक्याचा खळगा —

शनिवार, १५ नोव्हेंबर

दहा वाजले. अपूर्वची गाडी अंगणात. मी वरच्या खिडकीशी. ओरडायला तोंड उघडतेय, आवाज नाही. काचेवर आपटायला जातेय, हात उचलत नाही. फक्त लिहिता येतंय.

त्याने वर पाहिलं. अपूर्व, मी आहे, मी —

माझ्याकडे नाही बघत. माझ्या खांद्याच्या जरा वर बघतोय. ओशाळं हसला. चुकीच्या घरी आल्यावर हसतात तसं. हात वर केला, ‘सॉरी’ म्हणाला, ओठ दिसले मला.

कुणाला म्हणाला?

दार लावलं गाडीचं. वळवतोय. अपूर्व —

मानेवर श्वास. मागे नाही बघणार. नाही बघ