नववं पान

३ जानेवारी
ह्यांना जाऊन सोळा दिवस झाले. प्रकाशकांचा फोन आला. "वहिनी, शेवटचं चित्र अर्धं असलं तरी द्या. तसंच छापू."
लिंबाची फांदी. नऊ पानं, आठ रंगवून झालेली. नववं शेंड्याचं, कोवळं — त्याची नुसती पेन्सिलची कड. कागद अजून टेबलावरच आहे, खिडकीतल्या लिंबाच्या कुंडीसमोर.
शुक्रवारपर्यंत मुदत मागितली. ह्यांचं काम अर्धं जाऊ देणार नाही!

५ जानेवारी
जमत नाही. टपाल कचेरीत शिक्के मारण्यात गेलेला हात. रद्दीवर सराव केला. लेक डोकावून म्हणाली, "आई, हे पान आहे की चप्पल?" दोघी हसलो. मग ती स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून कितीतरी वेळ उभी राहिली.

६ जानेवारी
ह्यांची कड आणि समोरचं पान जुळतच नाही. चित्रात डावीकडे झुकलंय, फांदीवर उजवीकडे. ह्यांची नजर चुकली? शक्यच नाही.

७ जानेवारी
चूक माझी!
लोक भेटायला आले तेव्हा खुर्च्यांना जागा हवी म्हणून कुंडी मीच हलवली. परत ठेवली ती उलटी. कुंडीवर ह्यांची खडूची खूण आहे, खिडकीच्या चौकटीवर दुसरी. चित्र चालू असलं की ओरडायचे, "कुंडीला हात लावशील तर बघ हं!" बत्तीस वर्षांत कधी लावला नाही. आणि ते गेल्यावर दुसऱ्याच दिवशी —
खुणा जुळवल्या. उपयोग नाही. जुनी पानं होती तशीच आहेत, पण कोवळं पान एवढ्या दिवसांत उजेडाकडे वळलंय. आता त्याची पाठ दिसते. ह्यांनी पाहिलेलं पान कुठेच राहिलं नाही.
फरशीवर बसून रडले.

८ जानेवारी
लेक म्हणाली, "बाबांनी काय केलं असतं? आज दिसतंय ते काढलं असतं. तू पण तेच काढ."
ह्यांची कड खोडली.

९ जानेवारी, शुक्रवार
चित्र झालं. पानाची पाठ, वर आलेल्या शिरा, अळीने कुरतडलेली कडसुद्धा. सकाळी बसले ती लेकीने जेवायला हाक मारली तेव्हाच मान वर केली.
इतक्या वेळात ह्यांची एकदाही आठवण आली नव्हती.