नाल्यात लोटलेला फेस

मंगळवार, १२ मार्च २००२

काल तेलगिरणीची आग आम्ही बंबातला रासायनिक फेस मारून विझवली. मग सवयीप्रमाणे सगळा फेस मीच पाण्याच्या पाइपाने नाल्यात लोटला. आवार लख्ख केल्याशिवाय आमची गाडी परतत नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आज तिथे विसरलेला पाइप आणायला गेलो. नाल्यात मासे पोट वर करून तरंगत होते. रोज तिथेच जाळं टाकणारे नामदेवकाका काठावर बसलेले. म्हणाले, "आग तं गिरणीले लागली होती, भाऊ. पाण्यातले काऊन मेले?"

मी पाइप गुंडाळू लागलो. मला काही वाटलं नाही. का वाटू नये? फेस मीच लोटला ना?

"खाल्ले तं चालते काय?" काकांनी विचारलं.

मी नुसती होकारार्थी मान डोलावली. त्यांनी टोपली भरायला घेतली.