मामांच्या सांबळाचा बफर

१० नोव्हेंबर, सकाळी ७
आजपासून रोज नोंद ठेवणार. मोठ्या इंजिनिअरकडे अशी वही असतेच.
मेहुणीचं, म्हणजे समृद्धीचं लग्न ३० तारखेला, इथे आमच्या घोडेगावातच. सासरे हौशीराममामा पट्टीचे सांबळवाले. पण खांदा दुखावलाय. सांबळ गळ्यात अडकवायचं नाही, असं डॉक्टरांचं सांगणं. लेकीच्या लग्नात बाप नुसता बसणार म्हणून सगळे हळहळतायत. मी जाहीर केलं, इलेक्ट्रॉनिक सांबळ करतो! दोन रबरी पॅड, वजन पाव किलो, आवाज टेंपोतल्या स्पीकरमधून. आरती म्हणाली, "आधी मिक्सर दुरुस्त करा." बायकोला व्हिजन नसते.

११ नोव्हेंबर
पॅडचा ड्रायव्हर, म्हणजे पॅड चालवणारा प्रोग्राम, लिहायला घेतला. आरतीची आत्या ठकूबाई म्हणाली, टेंपोला पप्पू हाय की ड्रायव्हर. समजावलं. तीनदा.

१२ नोव्हेंबर
आज बफर ठरवला. काठी पडली की चार नोंदी होतात: कुठलं पॅड, किती जोर, किती वाजता, आणि 'संपलं'. त्या रांगेत थांबतात, प्रोग्राम एकेक ठोका उचलून वाजवतो. ही रांग म्हणजे बफर. रांग भरली की पुढचे ठोके गेले.
माणूस सेकंदाला फार तर चार ठोके मारतो (स्वतःवर मोजलं). म्हणजे सोळा नोंदी. बफर चौसष्ट. चौपट! उदारपणा हा माझा दोषच आहे.

१५ नोव्हेंबर
मामा त्यांच्या गावाहून, आहुप्याहून, एसटीने आले. पॅडला आधी नमस्कार केला. मग काठ्या दिसेनाशाच झाल्या.
म्हणाले, "पावणं, निम्मं कुटं गेलं?"
मी म्हणालो, तुम्ही जरा हळू वाजवा.
"हळू वाजवलं तर ते सांबळ न्हाई, दार ठोठावणं व्हतं."
व्हिडिओ काढून मोजलं. सेकंदाला वीस! हे नियमात बसत नाही.

१६ नोव्हेंबर
संकल्प: बफर ६५,५३६. विषय संपला.
ऑफिसातल्या सूरजला फोनवर अभिमानाने सांगितलं. तो म्हणाला, रांग वाढवून काय होणार, तुझा प्रोग्राम ठोके हळू उचलतोय, ते बघ. कारण मला माहीत आहे. प्रत्येक ठोक्याला खोक्यावरचे रंगीत दिवे लागतात, त्यात वेळ जातो. सेकंदाला दहाच ठोके उचलले जातात. सूरज म्हणतो, दिवे काढ. दिवे माझी कल्पना आहे. दिवे राहणार.

२२ नोव्हेंबर
फायनल टेस्ट. मामांकडे भाताची झोडणी, म्हणून मीच वाजवलं. एक मिनिट. हरवलेले ठोके: शून्य. अजून टेस्ट करणं म्हणजे स्वतःचा अपमान.

२९ नोव्हेंबर
पाहुण्यांना दिवे दाखवले. एकही ठोका हरवणार नाही, अशी सर्वांना लेखी हमी द्यायला तयार होतो. कोणी मागितली नाही.

३० नोव्हेंबर, संध्याकाळी
नवरदेवाला मारुतीपासून मांडवात आणताना मामांनी दहा मिनिटं वाजवलं. काय वाजवलं! आवाज जरा मागे पडत होता. मामांनी विचारलं, तर स्पीकर लांब आहे, आवाजाला चालत यायला वेळ लागतो, असं सांगितलं. सनई-हलगीच्या दणक्यात बाकी कोणाच्या लक्षात आलं नाही.
अंतरपाट धरला. मामा काठ्या ठेवून, हातात अक्षता घेऊन उभे. भटजींनी मंगलाष्टक सुरू केलं.
सांबळ थांबेना.
भटजींनी मामांकडे पाहिलं. मामांनी दोन्ही हात वर करून रिकामे दाखवले. मी मनात हिशोब केला: बारा हजार ठोके मारले, सहा हजार वाजायचे बाकी. पुढे होऊन भटजींना शांतपणे सांगितलं, एकही ठोका हरवलेला नाही, फक्त दहा मिनिटं उशिरा येतायत. ते म्हणाले, मुहूर्त थांबत नाही.
आरतीने वायर उपटली.
लग्न लागल्यावर मामांनी सनईवाल्यांचं सांबळ मागून घेतलं, जमिनीवर ठेवलं, मांडी घातली आणि वाजवलं. समृद्धी शालूसकट नाचली. मी विचारलं, मामा, खांदा? "खाली ठेवल्यावं खांद्याला काय काम?"
मग आधी का नाही बोललात?
"तुमी लई मन लावून करत व्हता, राव."

१ डिसेंबर
विश्रांती. पुण्यात असतो तर लोकांना कळलं असतं.

५ डिसेंबर
ऑर्डर आली! मामांचे शेजारी सावळाराम मुद्दाम घोडेगावला आले. म्हणाले, वाजवणारा घरी गेला तरी वाजत ऱ्हातं, ते यंत्र द्या. रानडुकरं हरभरा उकरतात. मी संकोचून विचारलं, दिवे काढू का? "न्हाई न्हाई, डुकरं दिव्यालाबी बुजतात."
सूरजला ताबडतोब कळवलं: दिवे ही ग्राहकाची मागणी आहे.

९ डिसेंबर
मामांचा फोन. मशीन सावळारामांच्या बांधावर बसवलं. संध्याकाळी दहा मिनिटं वाजवून मामा जेवायला घरी येतात, मागे मशीन वाजत राहतं. चार दिवसांत डुक्कर फिरकलं नाही. शेतातला फोटोही पाठवलाय. दव लागू नये म्हणून खोक्याला माझा जुना शर्ट घातलाय, वर मडकं उपडं ठेवलंय.
आरतीने फोटो पाहिला. म्हणाली, लांबून अगदी तुम्हीच दिसता.