धुक्यातले करकोचे

भरतपूर, राजस्थान
१२ जानेवारी

आबा,
तुमच्या पायावर डोकं ठेवून अंजनाचा रामराम. धाकटी माया पत्र वाचून दाखवील.

मी पास झाले! पक्षी दाखवणाऱ्या गाईडच्या परीक्षेत पहिली आले. आता आपल्या येरळवाडीच्या तळ्यावर पाहुण्यांना मीच पक्षी दाखवणार.

इथं थंडी लय हाय, पण तुमचं घोंगडं पुरतं. जेवणाचीबी सवय झालीया.

काल पाणथळीत शेवटची परीक्षा होती. धुक्यात दुर्बिणीतनं कायच दिसंना. तेवढ्यात वरनं आवाज आला. सर म्हणाले, "ओळखा." कालिजात शिकलेली पोरं दुर्बिणीच पुसत बसली. एक म्हणाला, "बदकं."

मी म्हणाले, "न्हाई सर, करकोचं हायत. आमच्याकडं हरभऱ्यात उतरतात."

जरा वेळानं धुकं विरळ झालं, तर डोक्यावर करकोच्यांची लांबच लांब रांग! सरांनी विचारलं, "कुठं शिकलीस?" मी सांगितलं, "आबांच्या मागं मेंढरं राखताना." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आबा. त्या तुमच्याच.

डाव्या डोळ्याला आता किती दिसतं? खरं सांगा. आपरेशन लांबवू नका. बिरुदेवाच्या माळावर यंदा गवत हाय का?

मी आले की तळ्यावरचा माझा पहिला पाहुणा तुमीच. आणि चालत न्हाई, जीपमधनं नेणार.

तुमची लेक,
अंजना, गाईड